चेंडू कुणाच्या हातात

चेंडू ताब्यात आला की ८ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं, २४ सेकंदांत बास्केटवर प्रयत्न करायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोरचा संघ प्रेस लावतो, दोघं जण आपल्या पोराला साइडलाइनला कोंडतात, आणि उंच सेंटर तिकडे बास्केटखाली "इकडे दे ना बे!" म्हणून ओरडत राहतो. चेंडू पोचलाच नाही, तर त्या उंचीचं करायचं काय? बुलढाणा जिल्ह्यात पोरांना बास्केटबॉल शिकवताना माझं मत पक्कं झालं आहे : कॉलेजचा संघ पॉइंट गार्डवर, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल ठरवणाऱ्या पोरावर उभा राहतो.

आमची पोरं प्रॅक्टिकल, परीक्षा आणि गावाकडची शेवटची एसटी सांभाळून सरावाला येतात. एवढ्या वेळात पाचही जणांच्या अंगात सगळ्या चाली भिनत नाहीत. मग त्या निदान एकाच्या डोक्यात पक्क्या हव्यात. शंकरपटात पळतात बैल, पण जोडीची लय धुरकऱ्याच्या हाती असते, तसंच हे. समोरच्याचे सलग दोन-तीन बास्केट बसले की संघ बिथरतो. तेव्हा चेंडू संथ करणारा, बोटाने चाल दाखवणारा कुणीतरी लागतोच.

हे शिकवता येतं. पोरगा ड्रिबल करत येतो, मी समोर बोटं दाखवतो. त्याने आकडा ओरडून सांगायचा. मान आपोआप वर राहते. मग पास. बचाव करणारा सेंटरच्या डावीकडे रेटत असेल, तर चेंडू उजव्या हातातच गेला पाहिजे. टप्पा पास साधारण दोन-तृतीयांश अंतरावर आपटला की नेमका कमरेशी येतो; फार पुढे आपटला तर घेणाऱ्याला पायाशी वाकावं लागतं आणि संधी जाते.

अमेरिकेतला पॉइंट गार्ड जॉन स्टॉक्टन स्वतःच्याच गावच्या, स्पोकेनच्या गोंझागा कॉलेजात खेळला आणि १९८४ साली एनबीएत गेला. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या मैदानावर बुटकाच. तरी कारकिर्दीत त्याचे असिस्ट, म्हणजे थेट बास्केट घडवणारे पास, झाले १५,८०६.

म्हणून संघ निवडताना मी आधी पोरांना आपसात खेळवतो. कुणाकडे चेंडू गेला की बाकीचे चौघं न सांगता मोकळ्या जागेकडे धावतात, एवढंच बघतो. तो साडेपाच फुटांचा असला तरी पहिलं नाव त्याचंच.