फिरतं नाणं

चि. मकरंद यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला आणि पोटात धस्स झालं. दादाच्या डब्यातली नाणी चिंचेनं घासून लखलखीत केलीस आणि वर विचारतोस, "आत्या, आता किती येतील?" अरे, घासायच्या आधी विचारायचंस! गांधी शताब्दीचं 1969 सालचं वीस पैशांचं नाणं. त्याच्यावर इतक्या वर्षांत चढलेला तपकिरी रंग तू एका दुपारी धुऊन काढलास. आंबट वरचा थर खातं, मग चमकतो तो सोलवटलेला धातू. जाणकार असं नाणं हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. बाकीच्यांना आता हात लावू नकोस. त्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतूनही काढ, त्यांनी हिरवट चिकटा धरतो.

किमतीचं म्हणशील, तर आधी सालाखाली बघ. चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याची एका टांकसाळीची प्रत पैशाला पासरी असते, दुसरीची शोधून सापडत नाही. पण दादाची नाणी गुळगुळीत झालेली आहेत, त्यांचे लाख येणार नाहीत. आणि त्यानं ती लाखांसाठी जमवलीच नव्हती. मिरजेच्या बाजारात सुटे मोजताना त्याचा हात कसा थबकायचा, ते वहिनीला विचार.

त्याचा हात थबकवायचं ते स्मारक नाणं रे! 1964 साली नेहरू गेले आणि त्याच वर्षी ते रुपयावर आणि पन्नास पैशांवर आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. पुढे 'सर्वांसाठी अन्न' आलं, कुटुंबनियोजन आलं, 1975 साली महिला वर्ष आलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्याही मुठीत ते गेलं. 1990 साली बाबासाहेब रुपयावर आले. 1999 साली दोन रुपयांच्या अकरा कोनी नाण्यावर शिवाजी महाराज आणि रुपयावर ज्ञानेश्वर, 2002 साली तुकोबा. कंडक्टरच्या चामडी पिशवीतून तुकोबा निघायचे आणि तिकिटाबरोबर आपल्या हातावर पडायचे. याहून मोठा मान कुठला?

आणि आता? रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीचं 75 रुपयांचं, रवींद्रनाथांचं 150 चं, तंजावरच्या बृहदीश्वराचं तर हजार रुपयांचं! सगळी मखमली डबीत, छापील किमतीहून महाग, संग्राहकाच्या कपाटात. त्यांनी कुणी कोथिंबिरीची जुडी घेत नाही. ज्याची आठवण लोकांनी ठेवायची, तो लोकांच्या हातीच पडणार नसेल तर उपयोग काय? 2015 साली बाबासाहेबांचं 125 रुपयांचं नाणं असंच डबीत गेलं, पण त्याबरोबरचं दहा रुपयांचं बाजारात आलं. मला ते दहाचंच जास्त मोलाचं वाटतं. तुला छंद लागायचा असेल तर असा लागू दे. रोजच्या सुट्ट्या पैशांत बघत जा, प्रत्येकाचं साल आणि खूण वहीत लिही. विकत घ्यायची घाई करू नकोस.

खरी काळजी वेगळीच आहे. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, की कुणी माणूस फोनवर त्या शिवाजी महाराजांच्या दोन रुपयांना पाच लाख देतो म्हणतोय आणि आधी नोंदणीचे पैसे मागतोय. मकरंद, ही फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्का दाखवला तरी भुलू नकोस. आपण जुनी नाणी घेत-विकत नाही, त्यासाठी शुल्कही मागत नाही, हे बँकेनं 2021 सालीच जाहीर केलं आहे. आधार कार्डाचा फोटो पाठवला नाहीस ना? ओटीपी सांगितला नाहीस ना? दादाच्या माघारी वहिनीच्या हाताशी जे चार पैसे आहेत, त्यांतले दिले नाहीस ना?

पत्र मिळताच फोन कर, उत्तर लिहीत बसू नकोस. दिले असतील तर मला सांगायला लाजू नकोस, पण त्याआधी सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन लावून तक्रार नोंदव. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं अवघड.

तुझी,
आत्या