तारामतीचे धैर्य

आमच्या मुक्ताईनगरास, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेस, संत मुक्ताईचे स्थान आहे. भावंडांत सर्वांत धाकट्या असलेल्या मुक्ताईने ज्ञानेश्वरांसारख्या ज्येष्ठ बंधूची ताटीबाहेरून समजूत घातली, वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू मानिले, ही कथा आमच्याकडे घरोघर भक्तिभावाने सांगतात. परंतु त्याच घरांतील मुलीने स्नेहसंमेलनाच्या नाटकात काम करावयाचे म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात! ‘कुलीन मुलींचे ते काम नव्हे,’ हे वाक्य यंदा मीही ऐकिले. त्या वेळी मला दुर्गाबाई खोटे यांच्या चरित्राचा मोठा आधार वाटला.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ साली मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यात झाला. कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स कॉलेज या ख्रिस्ती संस्थांत त्यांचे शिक्षण झाले. विवाहानंतर संसारावर आर्थिक संकट कोसळले, आणि १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. त्यावर लोकनिंदा झाली. दुसरी एखादी घरातच बसली असती. परंतु १९३२ साली त्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तारामती झाल्या. सर्वस्व गेले तरी स्वत्व न सोडणारी ती राणी! ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हा दोन मुलांचे संगोपन त्यांनी याच कलेच्या बळावर केले.

‘अमरज्योती’तील सौदामिनी, ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई या त्यांच्या चित्रपटांतील भूमिका सर्वांस ठाऊक आहेत. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईही त्यांनी तितक्याच समर्थपणे उभी केली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री व पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस लाभला. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

मला नटीच व्हावयाचे आहे, असे नाही. चार माणसांसमोर निर्भयपणे, शुद्ध वाणीने बोलता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. कुलीनता रंगमंचावर पाऊल ठेवल्याने जात नाही; ती आपल्या वर्तनात असते, हे दुर्गाबाईंनी सिद्ध केले. ही सर्व हकीकत मी घरी वाचून दाखविली. आजी काही बोलली नाही. वडील मात्र म्हणाले, ‘पुढील वर्षी पाहू.’ त्या ‘पाहू’वर माझी पुष्कळ भिस्त आहे.