परीक्षेला कुणी बसायचं?

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दलचं माझं मत बदललं आहे. ज्या बाजूला ते वळलं, ती बाजू माझ्या ओळखीच्या बऱ्याच शिक्षकांना पटणार नाही, म्हणून कारणांसकट मांडते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवीला गणित शिकवते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला दोन हंगाम सुरू होतात. एक उसाचा. कितीतरी घरांना कुलपं लागतात, माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. दुसरा हंगाम परीक्षांचा. डिसेंबरच्या सुमाराला एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, फेब्रुवारीत राज्याची शिष्यवृत्ती, मग संकलित चाचणी आणि वार्षिक परीक्षा. पहिल्या हंगामानं वर्ग रिकामा होत असतो, तेव्हाच दुसऱ्याची धावपळ चालू असते.

माझी शिक्षक म्हणून जडणघडण झाली ती 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनावर. मुलानं स्वतः ज्ञान रचायचं, शिक्षकानं सोबत राहायचं, हे मला मनापासून पटलेलं. त्यामुळे 1954-55 पासून चालत आलेली शिष्यवृत्ती परीक्षा मला मागच्या काळातली वाटायची. चार पर्याय वाचायचे, एक गोल काळा करायचा, यात मुलानं विचार केला की अंदाज ठोकला हे कळणार कसं? सकाळचे जादा तास, पाठोपाठ सराव प्रश्नपत्रिका आणि त्यासाठी गेलेले खेळाचे तास पाहून मला मुलांची कीव यायची. परीक्षेला बसवायच्या मुलांची यादी शाळेत परंपरेनं व्हायची. यादीबाहेरची मुलं सुटली, असंच मला वाटत असे.

या मताला पहिला धक्का एका भूमितीच्या प्रश्नानं दिला. कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात असे चौकोन कोणते? पर्याय होते आयत, चौरस, समभुज चौकोन आणि समलंब चौकोन. आठवीच्या शिष्यवृत्तीत जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. यादीतल्या बहुतेक मुलांनी फक्त चौरस धरला होता. मी दुसरं उत्तर सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"मॅडम, चौरस हा पण समभुज चौकोनच असतो ना? मग समभुज म्हटलं की चौरस त्यात आलाच. दोन गोल कशाला काळे करायचे?"

विचारणारी मुलगी यादीत नव्हती. तिच्या वस्तीवरून सकाळची एकच एसटी येते, म्हणून ती लवकर येऊन वर्गात वही पूर्ण करत बसायची.

तिचा प्रश्न गणिताच्या गाभ्यातला होता. प्रत्येक चौरस समभुज असतो, पण प्रत्येक समभुज चौकोन चौरस नसतो. मग एक संच दुसऱ्याच्या पोटात असताना दोघांची नावं वेगळी का लिहायची? मी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. तिनं तिरका समभुज चौकोन काढला आणि त्याचे कर्ण आखले. एक मुलगा म्हणाला, "आयताचे कर्ण पण दुभागतात की." त्यानंच उठून लांबट आयत काढला, कर्णांमधल्या कोनाला गुण्या लावून पाहिला आणि मान हलवली. मग कुणीतरी पतंगाचं काय म्हणून विचारलं. पतंगाचे कर्ण काटकोनात छेदतात, पण दुभागला जातो एकच, हे मुलांनीच मोजून काढलं. शेवटी तिनंच स्वतःच्या प्रश्नाचा निकाल लावला. प्रश्नात "कोणते" असं विचारलंय, म्हणजे ज्याला ज्याला हे लागू पडतं ते सगळे सांगायचे, मग एक दुसऱ्याच्या आत असला तरी. तासभर आम्ही त्या एकाच प्रश्नावर होतो.

चौकोनांच्या गुणधर्मांचं पान मी दर वर्षी शिकवलं होतं, कागद दुमडून आणि काड्या जोडूनसुद्धा. हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तो निघाला चार पर्यायांमुळे. नीट काढलेल्या बहुपर्यायी प्रश्नात चुकीचा पर्यायही विचारपूर्वक ठेवलेला असतो, मूल नेमकं कुठे घसरेल हे ओळखून. गोल काळा झाला की आपण गुण मोजतो आणि पुढे जातो. तिथेच थांबून "तू हा का निवडलास?" असं विचारलं, तर मुलाचा सगळा विचार उलगडतो. मला हवी असलेली ज्ञानरचना याच प्रश्नपत्रिकेतून सुरू होऊ शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तास संपल्यावर ती मुलगी हळूच विचारायला आली, "माझा फॉर्म भरायचा राहिला का?" राहिला नव्हता. भरायचा ठरलाच नव्हता आणि मुदतही संपली होती.

मग मी यादीकडेच बघायला लागले. ती बनते सहामाहीचे गुण, हजेरी, वह्यांची टापटीप आणि पालकांची गाईड घेण्याची ऐपत यांवरून. सहामाहीच्या वेळी जे मूल फडावर होतं, ते यादीतून आपोआप गळतं. परीक्षेची रचना याच्या उलट आहे. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. सोपे प्रश्न 30 टक्के, मध्यम 40 आणि कठीण 30. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक पेपरात 40 टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. त्या यंत्राला आडनाव दिसत नाही, अक्षर दिसत नाही, बाप पालकसभेला येतो की नाही हेही कळत नाही. माझा राग परीक्षेवर होता. आता तो यादीवर आहे.

एनएमएमएसची गोष्ट तर त्याहून निकडीची. साडेतीन लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12 हजार रुपये मिळतात. मूल शाळेत शिकत राहिलं तरच ते पैसे चालू राहतात. ज्या गावात मुलीची नववी-दहावी झाली की स्थळं यायला लागतात, तिथे या अटीचं मोल फार मोठं आहे. घरात बोलताना मुलीच्या बाजूनं ठेवता येईल असं काहीतरी तिच्या हातात असतं.

म्हणून आता आमच्या वर्गात यादी नाही. पटावरचं प्रत्येक मूल शिष्यवृत्तीला बसतं आणि नियमात बसणारं प्रत्येक मूल एनएमएमएसला. त्याची तयारी ऑगस्टमध्ये सुरू होते, कारण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आईवडील गावात असतानाच काढावा लागतो. ऊसतोडीची टोळी निघून गेली की सही घ्यायची कुणाची? सराव प्रश्नपत्रिका मी निम्म्यानं कमी केल्या आहेत. रोज एकच प्रश्न घ्यायचा, चारही पर्यायांवर बोलायचं आणि चुकीचा पर्याय निवडणाऱ्याला आधी बोलू द्यायचं. खेळाचा तास खेळालाच.

कच्च्या मुलांना नापास झाल्याचं दुःख होईल, असं सहकारी म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण बसून कमी गुण मिळाल्याचं दुःख मुलं बोलून दाखवतात, त्यावर काम करता येतं. आपल्याला बसवलंच नाही, याचा अर्थ मूल मनातल्या मनात लावतं आणि तो पुसणं फार अवघड जातं.

माझे काही आक्षेप अजून कायम आहेत. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो चौकात लावणं मला पटत नाही. दोन-तीन महिन्यांत परीक्षांची एवढी गर्दीही पटत नाही. आता शिष्यवृत्ती पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे. इयत्ता बदलली, तरी कोण बसणार हा प्रश्न शाळेच्या दारातच सुटायचा आहे.

त्यासाठी एक मागणी आहे. शाळेचा निकाल बसलेल्या मुलांवर मोजू नका, पटावर मोजा. सगळ्यांना बसवल्यापासून आमची टक्केवारी खाली आली आणि पात्र मुलांची संख्या वाढली. आजच्या हिशोबात ही घसरण ठरते. पटावर मोजलं तर हीच प्रगती ठरेल, आणि मग कोणत्याही मुख्याध्यापकाला मूल वगळून आकडा राखावासा वाटणार नाही.