मुस्लीम बांधव आणि पिवळं बटण

मी मालेगावात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला उर्दू आणि मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या सुट्टीनंतर सातवीच्या मुलांना मराठीत निबंध लिहायला दिला, ‘माझा आवडता सण’. संध्याकाळी घरी ४२ वह्या घेऊन बसले. पहिल्या वहीत वाक्य होतं, “या दिवशी मुस्लीम बांधव ईदगाहवर जाऊन नमाज अदा करतात व एकमेकांना शुभेच्छा देतात.” दुसऱ्या वहीत तेच. दहाव्या वहीतही तेच.

आधी मला हसू आलं, आणि मग नाही आलं. ही सगळी मुलं तीन दिवसांपूर्वी स्वतः ईदगाहवर गेली होती. आईच्या हातचा शीरखुर्मा खाऊन, खिशात ईदीच्या नोटा कोंबून आली होती. आणि मराठीत लिहायला बसली तेव्हा स्वतःच्याच घराकडे रस्त्याच्या पलीकडून बघत होती. गाईड लिहिणाऱ्याने ते वाक्य दुसऱ्या मुलांसाठी लिहिलं असणार. आमच्या मुलांनी ते तसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, “हे मुस्लीम बांधव कोण?” एका मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, “आपा, गाईड में है.”

दोष एकट्या मुलांचा नव्हता. बी.एड.ला मी निबंधाचे प्रकार पाठ केले होते: वर्णनात्मक, कथनात्मक, कल्पनात्मक, वैचारिक, आत्मवृत्तात्मक. पाठ टाचणं काढली, तक्ते रंगवले. पण मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून एक वाक्य कसं लिहायला लावायचं, हे त्यात कुठे नव्हतं. आणि आमच्या मुलांची अडचण दुहेरी आहे. त्यांची उर्दूची वही उजवीकडून उघडते, मराठीची डावीकडून. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. घर, दूध, पाणी हे उर्दूत सगळे पुल्लिंगी, मराठीत एकदम नपुंसकलिंगी. ‘माझा घर’ लिहिलं की लाल शाई ठरलेली. मग मूल शहाणं होतं. गाईडातल्या वाक्याला लाल शाई लागत नाही, हे त्याला लवकर कळतं.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, वही पहिल्यांदा वाचताना लाल पेन हातात घ्यायचा नाही. दुसरी, विषय लहान करायचा. ईद नको, चांदरात लिहा. सगळी चांदरातही नको, तिच्यातला अर्धा तास. सगळं घर नको, घरातली एक जागा.

मुलांना हे सांगून कळेना. मग जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणून प्रत्येकात काडेपेटीएवढी खिडकी कापायला लावली. पुठ्ठा डोळ्यांसमोर धरायचा आणि खिडकीतून दिसेल तेवढंच लिहायचं. चार शब्दांना बंदी घातली: खूप, छान, सुंदर आणि ‘मजा आली’. “मजा आली म्हणजे तू काय केलंस, ते लिही,” एवढंच मी म्हणत राहिले. मराठी शब्द अडला तर उर्दूतला लिहा, पण थांबू नका, हीही सूट दिली.

पहिल्या आठवड्यात गोंधळच झाला. एका मुलाने स्वयंपाकघरातली भांडी मोजून लिहिली, १७. ताट, वाट्या, पातेली, झारा, सगळं. बारकावे हवेत ना आपा, मग घ्या! तेव्हा मी त्यांना त्यांच्या ओळखीची गोष्ट आठवायला सांगितली, प्रेमचंदांची ‘ईदगाह’. जत्रेत मिठाई आहे, पाळणे आहेत, मातीचा शिपाई, भिश्ती, वकील, सगळी खेळणी आहेत. पण हामिदकडे तीनच पैसे आहेत आणि तो चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी काढताना दादीची बोटं भाजतात. मी विचारलं, “जत्रेतल्या किती वस्तू तुम्हाला आठवतात?” दोन-तीन. “आणि चिमटा?” सगळा वर्ग हसला. “मग तुमच्या १७ भांड्यांतला चिमटा कोणता?” त्या मुलाने विचार केला आणि सोळा भांडी खोडली. एक पातेलं ठेवलं, ज्याचा कान तुटलाय आणि ज्याला त्याची आई फडकं गुंडाळून धरते.

हळूहळू वह्या बदलल्या. आमच्या गावात यंत्रमागांचा आवाज दिवसरात्र चालू असतो. जुम्म्याला थांबतो आणि ईदेला काही दिवस थांबतो. एका मुलाने लिहिलं की लूम बंद झाले की त्याच्या दादीला झोप येत नाही. रात्रभर ती उठून बसते आणि विचारते, कोणी आलं का? मी या गावात जन्मले. त्या शांततेबद्दल असं मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग एका मुलीने पिवळं बटण लिहिलं.

तिची अम्मी घरी कपडे शिवते. मुलीने लिहिलं होतं की चांदरातीला सगळी गिऱ्हाइकं आपापले कपडे घेऊन गेली. रात्री दोन वाजता अम्मीने माझा कुर्ता हातात घेतला. एक बटण कमी पडलं. दुकानं बंद झाली होती. अम्मीने तिच्या जुन्या ड्रेसचं कापून मला लावलं. बाकीची चार पांढरी आहेत, हे पिवळा आहे. ईदेच्या दिवशी सगळे म्हणाले कपडे चांगले आहेत. पिवळा बटण कोणाला दिसला नाही. मी हात ठेवून चालले.

‘पिवळा बटण’ चूक होतं. मी पेनाला हात लावला नाही. दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं नावही सांगितलं. बघा, असं लिहायचं असतं! टाळ्या वाजल्या. मला वाटलं, आज मी चांगली शिक्षिका झाले.

मधल्या सुट्टीत दोन मुलींनी तिला ‘पीला बटन’ हाक मारली. संध्याकाळपर्यंत ती हाक वर्गभर झाली. मला हे चार-पाच दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्या शिक्षिकेकडून. तोपर्यंत तिची पुढची वही माझ्याकडे आली होती. विषय होता आईचे हात. तिने लिहिलं होतं, “आई हे ईश्वराचे दुसरे रूप आहे. आईचे उपकार फेडता येत नाहीत.” शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी तिला बाजूला बोलावलं. मुलींना रागावते म्हटलं, तर ती नको म्हणाली. बराच वेळ चपलेचा अंगठा जमिनीवर घासत राहिली. मग म्हणाली, “आपा, मैं तो सिर्फ आपको लिखी थी.”

तिने ते बटण दिवसभर हाताखाली झाकलं होतं. हे तिने मला लिहून सांगितलं होतं, अगदी स्पष्ट. मी त्यातला बारकावा पाहिला, भाषा पाहिली. झाकलंय, हे पाहिलं नाही. गावभरात ज्याला ते बटण दिसलं नव्हतं, त्या प्रत्येकाला मी ते दाखवून आले. मुलांना जवळून बघायला शिकवत होते आणि स्वतः वरवर वाचत होते.

मी तिची माफी मागितली. “कोई बात नहीं आपा,” ती म्हणाली. मुलं असं म्हणतात, त्याचा अर्थ प्रकरण मिटलं असा नसतो.

वर्गाचं काय करायचं, हे दोन दिवस कळेना. ओरडले असते तर हाक बाहेर गल्लीत गेली असती. शेवटी मीच एक पानभर लिहून नेलं. माझं बी.एड. चालू असताना एका मराठी शाळेत सराव पाठ होता. माझं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे ‘ळ’ जिभेवर बसत नव्हता. मी मुलांना म्हटलं, “फल्याकडे बघा.” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “कोणतं फळ?” सगळा वर्ग हसला, मागे बसलेल्या निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला. त्या रात्री मी उशीत तोंड घालून शंभर वेळा ‘फळा, शाळा, बाळ’ म्हटलं. हे मी आजवर घरातही सांगितलं नव्हतं. वर्गात वाचताना आवाज थोडा हलला. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. मी म्हटलं, “आता तुम्ही मला ‘फल्यावाली आपा’ म्हणू शकता. वाचून दाखवायला हिंमत लागते, आणि ती हिंमत मी एका मुलीकडून न विचारता घेतली होती.” पीला बटनचं नाव मी काढलं नाही. हाक लगेच थांबली नाही, पण दोन आठवड्यांत विरली.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. जे लिखाण फक्त माझ्यासाठी आहे, त्या पानाचा वरचा कोपरा दुमडायचा. ते पान मी कोणाला वाचून दाखवत नाही, स्टाफरूममध्ये उघडत नाही आणि त्यावर लाल शाई लावत नाही. त्यात शिकवण्यासारखी चूक असली, तर ती कोणाचीही नसल्यासारखी फळ्यावर घेते. त्या मुलीने वर्ष संपेपर्यंत पुन्हा अम्मीबद्दल लिहिलं नाही. बकरीबद्दल लिहिलं, नळाच्या रांगेबद्दल लिहिलं, चांगलं लिहिलं. मार्चमध्ये एकदा तिच्या वहीत दुमडलेला कोपरा दिसला. त्यात काय होतं, ते इथे सांगणार नाही.

एक सहकारी मला अजून विचारतात की परीक्षेत गाईडवाल्या मुलाला जास्त गुण मिळतील, मग हा उद्योग कशाला? कधी कधी मिळतातही. परीक्षेसाठी आवश्यक ते मी शिकवतेच, तिन्ही लिंगं घोटून घेते. पण ज्या भाषेत मुलाला आपल्या आईचं बटण सांगता येत नाही, ती भाषा त्याची झाली असं मला म्हणता येत नाही. मराठीत आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं पुष्कळ आहे. आमच्या मुलांनी स्वतः लिहिलेलं थोडं आहे.

यंदाच्या ईदेनंतरही वह्या आल्या. ‘मुस्लीम बांधव’ पाच वह्यांत भेटले, ते इतक्यात जाणार नाहीत. नऊ वह्यांचे कोपरे दुमडलेले होते. त्या मी वेगळ्या काढल्या आणि घरातले सगळे झोपल्यावर वाचल्या.