धडधड थांबली, मग गोळी कशाला?

अम्मीचं वय चौसष्ट. छातीत फडफड व्हायची, जिना चढताना दम लागायचा. शेजारपाजारच्यांनी पित्त सांगितलं, कुणी अशक्तपणा. शेवटी नगरला (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून व्हायची आहे) ईसीजी काढला आणि आजाराचं नाव कळलं, एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेच्या संदेशांचा गोंधळ उडतो. ते नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले काहीच संदेश खाली पोहोचतात, तेही कसेही. वर्गात गझल शिकवताना एखादा मिसरा वजनातून घसरला की कानाला लगेच कळतं. या नाडीत मात्र वजनच सापडत नाही. अधूनमधून एखादा ठोका चुकणं वेगळं, आणि हे वेगळं.

पण खरी भीती धडधडीची नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. कित्येकांना काहीच त्रास जाणवत नाही, थेट लकव्यानंतरच आजार कळतो.

म्हणून औषधांची कामं दोन. एक, ठोक्यांचा वेग किंवा लय सांभाळणं. त्यासाठी गोळ्या असतात, कधी विजेचा सौम्य झटका, कधी नळी घालून बिघडलेल्या जागेवर केलेलं अॅब्लेशन. दुसरं, गुठळी होऊ न देणं, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. बरं वाटू लागलं की लोक नेमकी हीच सोडतात. अम्मीचंही तेच सुरू झालं, "अब तो धडधड नहीं होती, फिर गोली कायकू?" धडधड थांबली म्हणून गुठळीचा धोका गेला असं होत नाही, हे तिला पटवायला मला आठवडा लागला. चाळीस पोरांचा वर्ग सोपा!

तिची झडप लहानपणीच्या सांधेवाताच्या तापाने अरुंद झालेली. घसादुखीकडे दुर्लक्ष झालं की पोरांना हा ताप येतो. अशा झडपेच्या रुग्णांना नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनच देतात. या औषधाचं मूळ गोठ्यातलं आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत ओलसर, बुरशी आलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे हे उंदीर मारायचं औषध निघालं आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी आलं. साहजिकच मात्रा तपासावी लागते. आयएनआर नावाची रक्ततपासणी बहुतेकांची २ ते ३ मध्ये हवी. मेथी-पालक बंद करायचा नाही, फक्त दर आठवड्याला प्रमाण सारखं ठेवायचं. दुखण्याची गोळी किंवा हकिमाची पुडी विचारल्याशिवाय नको. अॅस्पिरिन हा पर्याय नव्हे.

रमजानचा प्रश्न आमच्याकडे येणारच. वॉरफरिन दिवसातून एकदाच, तेही बहुधा संध्याकाळी, त्यामुळे डॉक्टरांनी ते इफ्तारनंतर ठेवलं. दोन वेळच्या गोळ्या असणाऱ्यांनी सहेरी-इफ्तारचं गणित रमजानच्या आधीच विचारून घ्यावं. रोजा झेपणार नसेल तर आजाऱ्याला सवलत कुरआनातच आहे. त्यावर घरातल्यांनी फतवे काढू नयेत.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं, यांतलं काहीही दिसलं तर तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. शेवगाव-पाथर्डीकडच्या माणसाचा त्यातला किती वेळ रस्त्यातच जातो, हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. तेव्हा नाडी बघणं आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. ठोके कुठल्याच लयीत नसतील तर ईसीजी काढून घ्या. साठी ओलांडलेल्या अब्बा-अम्मीची नाडी या जुम्म्याला बघा.