माळकरी सासूबाईंचं मटण

आमच्या सावद्याच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत मटण कधी शिजलं नाही, आजही शिजत नाही. त्याची सोय मागच्या परसात. मातीनं लिंपलेली चूल, वर पत्रा, भिंतीला टेकवलेला पाटा आणि खुंटीला उलटं टांगलेलं जर्मनचं मोठं पातेलं. ते पातेलं, त्याची पळी, ताटं, घासायचा काथ्या, सगळं वेगळं. रावेर-यावल भागातल्या लेवा पाटलांच्या बऱ्याच घरांत ही रीत होती. काही घरांना तर परसातली चूलही चालायची नाही. तिथल्या पुरुषांनी आपली हौस मळ्यात भागवायची, विहिरीजवळ तीन दगड मांडून, केळीच्या पानावर.

मी भुसावळची. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेजारी तमिळ, बंगाली, अँग्लो-इंडियन. एका ड्रायव्हरच्या घरून मिऱ्यांचा आणि उकडल्या गाजराचा वास आला की आज त्यांच्याकडे स्ट्यू आहे हे आम्हा पोरांना कळायचं. आमच्याकडे मटण कुकरमध्ये. शिट्ट्या मोजायच्या आणि गॅस बंद करायचा. सावद्याला आल्यावर माझ्या पुढ्यात चूल आली आणि शिट्ट्या मोजायची सोय गेली.

ज्यांनी मला रस्सा शिकवला त्या माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मटणाचा एक घास घेतला नव्हता. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट पायी चाललेल्या. पण नवरा खाणारा, मुलगे खाणारे, आणि घरातल्या माणसानं बाहेर कुठे अरबटचरबट खाण्यापेक्षा परसात नीट खावं, असा त्यांचा हिशेब. मी येण्याआधी मटण सासरे करायचे. सासूबाई चुलीपासून आठ-दहा हात लांब, मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसायच्या आणि तिथून सगळं चालवायच्या. सासऱ्यांची जागा पुढे माझ्याकडे आली. ओटा त्यांच्याकडेच राहिला.

त्यांचं सगळं काम नाकानं आणि कानानं चालायचं. खोबरं भाजत असताना मी पाठमोरी असले तरी त्या म्हणायच्या, "उतरव आता, कडू होईन." मसाला तेलात टाकला की आधी खदखद आवाज येतो, कारण वाटणातलं पाणी उकळत असतं. पाणी आटलं की तो आवाज बारीक होतो, तडतडीवर येतो, आणि कडेनं तेल सुटतं. हा बदल त्यांना माझ्याआधी ऐकू यायचा. मी घाई करून लाकूड पुढे सारलं की ओट्यावरून ठरलेलं वाक्य, "जाय कमी कर व माय, मटन कुठी पयून नाही चाललं." मिठाची मात्र त्यांना अडचण. त्यासाठी धाकट्या दिराला वाटीभर अळणी पाजायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. म्हणायला अळणी, हळद, आलं-लसूण आणि थोडं मीठ त्यात असतंच. लहान पोरांचं ते हक्काचं.

मटण व्हायचं ते बहुतेक हिवाळ्यात. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार उरकले की पौषात मोकळीक. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, कारण खान्देश म्हणजे उन्हाळा एवढंच त्यांना ठाऊक. केळीला विचारा. पारा दहाच्या खाली गेला की बागेला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड नीट भरत नाहीत. मग रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, पाणी भरायचं, आणि शेतीची लाईट तर रात्रीच येणार. अशा जागरणाच्या रात्री पुरुष मळ्यात पातेलं चढवायचे. घरी चढायचं ते कटाई होऊन केळीचे पैसे हातात आले की. भाव पडलेला असला की त्या आठवड्यात पाटोड्यांचा रस्सा, आणि त्यालाही तोच काळा मसाला.

आता मटणाकडे येते. खाटकाकडे काय मागायचं हे सासरे ठरवून गेलेले होते: गर्दन, सीना, नळी, फऱ्याचा हाडाजवळचा भाग. मांडीचे गुबगुबीत तुकडे नकोत. कोवळं बोकडही नको, जरा जून असलेलं बरं. मी शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे यामागचं कारण मला पुढे शोधावंसं वाटलं. मान आणि पाय हे जनावराचे सतत राबणारे अवयव. तिथल्या मांसात आणि सांध्यांभोवती जो चिवट पांढरा पडदा असतो, तो कोलॅजनचा. तो सावकाश, बराच वेळ गरम राहिला की त्याचं जिलेटिन होतं आणि पाण्यात उतरतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे. खळखळा उकळलं तर मांसाचे धागे आवळतात, आतला रस बाहेर फेकला जातो आणि तुकडा पाण्यात असूनही कोरडा लागतो. "पयून नाही चाललं" या वाक्यात हे सगळं होतं.

कच्च्या पपईची चीर टाकली की मटण लवकर गळतं, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. पपई बांधाबांधावर आहे. सासूबाईंना ते पटायचं नाही. पपईनं मांस वरून भुगा होतं आणि नळीजवळ तसंच राहतं, असं सासरे म्हणायचे आणि त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. मीही पपई वापरत नाही.

पहिलं काम अळणीचं. पातेल्यात थोडं तेल, ठेचलेलं आलं-लसूण, हळद, त्यात मटण टाकून त्याचं स्वतःचं पाणी सुटेपर्यंत परतायचं. वर झाकण म्हणून पाण्यानं भरलेलं ताट. ताटातलं पाणी गरम झालं की तेच आत ओतायचं, गार पाणी कधीच नाही. यासाठी बाभळीचं लाकूड, कारण त्याचा निखारा टिकतो. कपाशीच्या पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि विझतात. त्या चूल पेटवायला आणि शेवटी तेल तापवायला. दीड-दोन तास हे पातेलं नुसतं कुजबुजत ठेवायचं.

तोवर मसाला. कांदे सालासकट निखाऱ्यात पुरायचे. वरची साल कोळसा होते, आतला गर मऊ, गोडसर आणि धुरकट होतो. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरायची, कड पेटली की फुंकून विझवायची. नारळ आमच्या मातीतला नाही, पण या खोबऱ्याशिवाय रस्सा काळा होत नाही. धने, मिरे, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, तमालपत्र थोड्या तेलात भाजायचं, आणि दगडफूल सर्वांत शेवटी. दगडफूल म्हणजे फूल नव्हेच, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात ते शैवाक. कोरडं हुंगलं तर वास नसल्यासारखाच, गरम तेलात पडलं की अंगण भरतं. लाल मिरच्या, लसणाच्या पाकळ्या आणि देठांसकट कोथिंबीर घालून पाट्यावर पाणी शिंपडत वाटायचं. मिक्सरवर मी करते, गुडघे ऐकत नाहीत म्हणून. फरक पडतो, तो पडतो.

मग दुसऱ्या भांड्यात शेंगदाण्याचं तेल, जरा सढळ हातानं, आणि त्यात हे वाटण. इथं वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायची तयारी हवी. तेल सुटलं, आवाज बदलला की मटण आणि अळणीचं पाणी त्यात. पुन्हा मंद जाळ. वर काळपट-लाल तर्री येते.

किलोभर मटणात आमच्याकडे दहा-बारा माणसं जेवायची. हिशेब जमायचा तो रश्शामुळे. ताटात कळण्याची भाकरी कुस्करायची (ज्वारीत साधारण चौथा हिस्सा सालाचे उडीद घालून दळलेली), तिच्यावर रस्सा ओतायचा, कांदा हातानं फोडायचा, लिंबू पिळायचं. तुकडे दोन आले काय, चार आले काय, कुणी मोजत नसे. नळी मात्र मोजली जायची. ती सासऱ्यांची, आणि ते ती फुंकून नातवाला द्यायचे.

सासरे जेवताना जुन्या गोष्टी काढायचे. त्यांच्या तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून कधी सांबराचा वाटा यायचा म्हणे. मांस तांबडंलाल, चरबी नावाला, त्यामुळे तेल दुप्पट आणि वेळही दुप्पट. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि ते प्रकरण संपलं. संपलं ते चांगलंच झालं. पाल-यावलच्या जंगलात आता हरीण दिसलं की आम्ही मोबाइल काढतो, एवढंच आमच्या वाट्याला आहे आणि ते पुरेसं आहे.

रश्शाखेरीज मला येणारा दुसरा प्रकार म्हणजे इष्टू. तो शिकवला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आपांनी. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या, निवडणुकीच्या कामात आमची ओळख झाली. त्यांच्या घरी इष्टू होतो तो म्हशीच्या मांसाचा. बोकड सातशे-आठशेच्या घरात गेल्यावर चार लेकरांच्या घरात वरचेवर तेच परवडतं. मी ते खात नाही हे त्यांना माहीत, म्हणून मी जाणार असले की बोकडाची मान आणलेली असायची आणि भांडंही निराळं. माझ्या सासूबाईंच्या परसातला नियम त्यांच्या घरात मला आपोआप लागू झाला, कुणी काही न बोलता.

आपांच्या इष्टूत वाटण नाही. जेवढं मांस, जवळजवळ तेवढाच उभा चिरलेला कांदा. आख्खा लसूण, आल्याच्या काड्या, आख्ख्या सुक्या मिरच्या, मिरे, लवंग, मोठी वेलची, तेजपत्ता, वाटीभर दही, तेल. सगळं एकदम भांड्यात, वर घट्ट झाकण, आणि पाणी जवळजवळ नाहीच. कांद्याचं आणि दह्याचं जे सुटेल त्यातच शिजायचं. "हिलाना नहीं टीचर, भूल जाना," असं त्या सांगायच्या. म्हशीच्या मांसाचा धागा जाड, रंग गडद. त्याला बोकडाच्या दुप्पट वेळ लागतो, कधी जास्तही. शेवटी कांदा दिसेनासा होतो आणि दाट तपकिरी रस उरतो. भुसावळच्या ड्रायव्हरकडच्या स्ट्यूचाच हा भाऊबंद असणार, मिऱ्यांचा वास तर हुबेहूब तोच.

सावदा गुरांच्या बाजाराचं गाव. १८८०च्या खान्देश गॅझेटियरमध्येही इथल्या आठवडे बाजारात निमाड-वऱ्हाडची गुरं विकायला येत असल्याची नोंद आहे. त्यामुळे गुरांच्या कायद्यावर इथे सगळेच बोलतात, पुष्कळदा माहिती न घेता. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी आहे ती १९७६च्या कायद्यानं. २०१५मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत, त्यांना रीतसर दाखला लागतो. आपा हे मला एकदा फार शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि एका शिक्षिकेला स्वतःच्या जेवणाचा खुलासा असा कलमांसकट पाठ असावा लागतो, हे मला अजिबात आवडलं नव्हतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं खाणं लिहून ठेवलं, वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसकट. खान्देशच्या खाण्यावर लिहिताना मात्र आपण भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी आणि फार तर काळं मटण इथं थांबतो. आपांच्या इष्टूशिवाय सावद्याच्या खाण्याची यादी अपुरी आहे.

आता पुण्या-नाशकात 'खान्देशी काळं मटण' अशा पाट्या जागोजाग दिसतात. मुलगा पुण्यात असतो, त्यामुळे दोन-चार ठिकाणी जेवून आले. रंग काळा असतो, पण तो करपवलेल्या खोबऱ्याचा. तिखट इतकं की मटणाची चव विचारू नये. आणि तुकडे कुकरमधून काढून ऐन वेळी रश्शात सोडलेले, त्यामुळे रस्सा एकीकडे आणि मटण एकीकडे. तिखट म्हणजे खान्देश ही समजूत हॉटेलवाल्यांनी पसरवली आणि आपण ती कौतुकानं मिरवतो. सासूबाईंच्या देखरेखीखालचा रस्सा सातवीतली पोरं हुंदके न देता प्यायची.

माझ्या सुनेनं मला परवा विचारलं की परसही नाही, चूलही नाही, मग फ्लॅटमध्ये हे कसं करायचं. तिला सांगितलं ते इथंही सांगते. खाटकाकडे बोनलेस मागू नका. मान आणि नळी मागा, ती बऱ्याचदा स्वस्तातही मिळते. कांदा गॅसच्या जाळावर सालासकट भाजा, घरभर धूर होईल, होऊ द्या. कुकर कपाटात ठेवा, जाड बुडाचं पातेलं काढा, वर पाण्याचं ताट ठेवा, गॅस अगदी बारीक करा आणि दोन-अडीच तास घराबाहेर पडू नका. मीठ बघायला एखादं पोर हाताशी असलं तर उत्तम.