तेलावांचून तळण

यंदाच्या चैत्रांत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला. वादाचा विषय अगदीं क्षुल्लक, म्हणजे फणसाचे तळलेले गरे, हा होता. परंतु त्याचा शेवट आमच्या पराभवांत झाला, आणि तो पराभव आम्हांस इतका हितकर ठरला कीं, त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावीशी वाटते. अडतीस वर्षें शाळेंत दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें उतारवयांत एकदां तरी स्वतःची चूक स्वतःच्या हातानें लिहून काढावी, हें न्यायाचेंच आहे.

आमचें घराणें मूळचें राजापूर तालुक्यांतील. पुण्यास येऊन दोन पिढ्या लोटल्या. तरी चैत्र उतरणीस लागला कीं गांवाहून फणस यावयाचा, हा नेम सहसा चुकत नाहीं. हा फणस पिकलेला नसतो. आंतील गरा पुरता भरलेला, पण अद्याप पांढरट, करकरीत आणि गोडी नुकतीच धरूं लागलेला, असा कापा फणस तळणासाठीं लागतो. बरक्याचा गरा मऊ व बुळबुळीत, तो या कामीं निरुपयोगी. आणि काप्याचाही गरा पिवळा झाला म्हणजे कढईंत कुरकुरीत होण्याऐवजीं काळवंडतो. फणस नेमका केव्हां फोडावयाचा हें आमच्या घरांत एकच व्यक्ति सांगूं शकते. ती म्हणजे आमच्या वहिनी. फणसावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकावयाचा, कांटे किती रुंदावले आहेत तें पाहावयाचें, आणि "आज नको, परवां" एवढाच निकाल द्यावयाचा. त्यावर अपील नसे.

वडीलबंधूंच्या मागें आमचें कुटुंब एकत्र राहिलें तें वहिनींमुळेंच. त्यांस आतां ७७ वें वर्ष चालू आहे. पन्नासांहून अधिक उन्हाळे त्यांनीं या घरांत गरे तळले. जमिनीवर जुनीं वर्तमानपत्रें पसरून, हातांस व विळीच्या पात्यास खोबरेल चोळून त्या फणस फोडावयास बसत; खोबरेल न लावलें तर फणसाचा चीक दोन दिवस हात सोडीत नाहीं. आठळ्या भाजीसाठीं बाजूस पडत, आणि गऱ्यांच्या उभ्या, सारख्या जाडीच्या पट्ट्या होत. लोखंडी कढईंत खोबरेल तापे. पट्ट्या पिवळसर होऊन हलक्या झाल्या कीं वहिनी चमचाभर मिठाचें पाणी त्या कढत तेलांत सोडीत. त्याबरोबर जो चरचराट उठे तो ऐकून मुलें माजघरांत पळत, आणि चरचराट थांबतांच परत येत.

दोन वर्षें होत आलीं, भाद्रपदांत वहिनींच्या छातींत दुखूं लागलें. हृदयाच्या एका रोहिणींत अडथळा निघाला. तेथें जाळी बसवावी लागली. डॉक्टरांनीं पथ्याची जी यादी दिली तींत तळलेले पदार्थ अग्रभागीं होते. पुढच्या चैत्रांत फणस आला तेव्हां वहिनींनीं तो नेहमींप्रमाणें फोडला, गरे तळले, डबे भरले. आणि स्वतः एक गराही तोंडांत घातला नाहीं. आम्हीं मात्र दोन वाट्या खाल्ल्या. त्यांतलें कांहीं आम्हांस त्या दिवशीं खटकलें नाहीं, हें सांगावयास लाज वाटते.

यंदा वहिनींनीं गांवीं परस्पर निरोप धाडला: "फणस पाठवूं नका. आतां कोण तळतो?" स्वयंपाकघरांतील त्यांची फेरीही हळूहळू बंद झाली होती. त्या आपल्या खोलींत बसत, जप करीत, आणि कोणीं कांहीं विचारलें तर "मला काय, सगळं चालतं," म्हणत. घरांत कोणास काय लागतें हें जिला सर्वांत अधिक ठाऊक, तिनेंच "मला सगळं चालतं" असें म्हणूं लागावें, हें लक्षण बरें नव्हे. पण तें ओळखलें त्यांच्या सुनेनें, आम्हीं नव्हे.

याच सुमारास सूनबाईनें एक यंत्र घरीं आणलें. आकारानें लहानशा पिंपासारखें, पुढें ओढून काढावयाचा खण, आणि खणांत जाळीदार टोपली. नांव 'एअर फ्रायर'. रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "काका, यांत तेलाशिवाय तळतां येतं." झालें! आमच्या अंगांतील जुना मास्तर जागा झाला. आम्ही म्हणालों, "तळणें या क्रियेचें साधनच तेल. वैद्यकांत स्नेह चार सांगितले आहेत: घृत, तैल, वसा आणि मज्जा. त्यांत हवेची गणना कोणीं केलेली नाहीं. स्नेहावांचून तळण म्हणजे सशाच्या शिंगाचें धनुष्य!" पंक्तींत हशा पिकला. सूनबाईनें उत्तर केलें नाहीं. खालीं मान घालून आमटी वाढली. वहिनी तेवढ्या हंसल्या नाहींत.

रात्रीं आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "तें यंत्र तिनं कुणासाठीं आणलं, कळलं का तुम्हांला?" आम्हीं नकारार्थी मान हलविली. "मग उद्यां आणखी थोडं संस्कृत ऐकवा तिला," एवढें बोलून त्यांनीं दिवा मालविला.

आठवड्याच्या आंत फणस आला. वहिनींचा निरोप सूनबाईनें गुपचूप फिरविला होता. रविवारीं पहिला प्रयोग झाला. टोपली गच्च भरली आणि उष्णमान २०० अंश ठेवलें. वीस मिनिटांनीं गरे बाहेर काढले तों कडा जळून काळ्या आणि मधला भाग चिवट. दुसरा प्रयोग १५० अंशांवर, एकाच थरांत केला. रंग उत्तम आला. पण गरा हातांत घेतांच चामड्यासारखा वांकला. सूनबाईनें ताट ओट्यावर तसेंच ठेविलें आणि ती मुलाच्या अभ्यासापाशीं जाऊन बसली. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. परंतु आमच्या मौनांत विजय होता, आणि तो तिला दिसला असावा.

अर्ध्या तासानें स्वयंपाकघरांतून कुरकुर असा आवाज येऊं लागला. नातू अभ्यास सोडून ताटांतले गरे खात होता. वहिनी आपल्या खोलींतून उठून आल्या. "गरे कुणी तळले?"

"तळले नाहींत, आजी, यंत्रांत केले."

त्यांनीं एक गरा उचलून मोडला. कट्‌ असा आवाज झाला. दुसरा मोडला, तो वांकला. मग सुनेस हांक मारून त्या म्हणाल्या, "गरम असतांना कसा कळेल गरा? झाऱ्यांतून काढल्यावरसुद्धां निवूं द्यावा लागतो. आणि हें बघ, हा जाड, हा पातळ. चिरले कुणी?"

"मी, आई."

"उद्यां मी चिरते."

हे तीन शब्द आम्हांस पुष्कळ महिन्यांनीं ऐकावयास मिळाले.

त्या रात्रीं आम्हीं या विषयाचें थोडें वाचन केलें. हें यंत्र म्हणजे वस्तुतः एक लहान, बंदिस्त भट्टी आहे. वर विजेच्या तारेचें वेटोळें तापतें. पंखा ती तप्त हवा वेगानें फिरवितो, आणि जाळीच्या टोपलीमुळें ती पदार्थास सर्व बाजूंनीं लागते. फिलिप्स या डच कंपनीनें २०१० सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत आपलें यंत्र मांडलें, त्यानंतर हा प्रकार घरोघर पसरला.

कुरकुरीतपणा हा तेलाचा गुण नव्हे; तो पाणी गेल्याचा गुण आहे. ताज्या गऱ्यांत पाण्याचा अंश निम्म्याहून पुष्कळ अधिक असतो. कढईंतील तेल तें पाणी वाफेच्या रूपानें झपाट्यानें बाहेर काढतें. तळणांतून उठणारे बुडबुडे ते हेच. आणि रिकाम्या झालेल्या जागेंत तेल शिरतें. हवाही तेंच काम करते. पण उष्णता पोंचविण्यांत ती तेलाची बरोबरी करूं शकत नाहीं, म्हणून तिला वेळ अधिक लागतो आणि मोकळी वाटही लागते. टोपली गच्च भरली कीं वाफ आंतच कोंडते आणि गरे उकडतात. उष्णता फार ठेवली कीं आंतलें पाणी निघण्यापूर्वींच कडेची साखर करपते. भाजलेल्या पदार्थांस जो खमंग रंग येतो, तो बव्हंशीं साखर आणि प्रथिनांतील घटक यांच्या संयोगामुळें. मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन १९१२ सालीं केलें. त्या संयोगास बेताचा अवसर दिला तर खमंगपणा, फार दिला तर कडूपणा. आणि गरम गरा वांकतो याचें कारणही साखरच: ऊन असतांना ती मऊ असते, निवल्यावर कांचेसारखी घट्ट व ठिसूळ होते. चिक्कीचा पाक करणाऱ्या गृहिणीस हें सांगावयास नको. आम्हांस जें वाचून कळलें, तें वहिनींस पन्नास उन्हाळ्यांनीं शिकविलें होतें.

दुसऱ्या दिवशीं वहिनी विळी घेऊन बसल्या. पाव किलो गऱ्यांच्या सारख्या पातळ पट्ट्या झाल्या. त्या धुतलेल्या फडक्यावर पसरून तासभर पंख्याखालीं सुकविल्या. एक चमचा खोबरेल आणि चिमूटभर हळद हातानें चोळली. टोपलींत एकच थर, १५० अंश उष्णमान, दर पांच मिनिटांनीं हलविणें, आणि एकंदर अठरा ते वीस मिनिटें. शेवटचीं चार मिनिटें मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें. कढईंतलें वाचलेलें तेल तेथें खर्चीं पडतें म्हणा! सूनबाई मिठाचें पाणी शिंपडणार, तोंच वहिनींनीं तिचा हात धरला. "कढईंत पाणी उडून जातं, इथं तें गऱ्यांतच मुरेल. मीठ बारीक करून मागाहून लाव, आणि बेतानं." ज्या यंत्रास त्यांनीं तोंवर हातही लावला नव्हता, त्याचा न्याय त्यांनीं एका वाक्यांत सांगितला.

गरे परातींत निवले. डॉक्टरांस सूनबाईनें आधींच विचारून ठेविलें होतें. "मूठभर चालतील," असें ते म्हणाले होते. वहिनींनीं एक गरा तोंडांत घातला. सर्वांचे डोळे त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "तळलेल्याची सर नाहीं. तो गरा तोंडांत विरतो, हा चावावा लागतो. पण फणसाची चव यांत जास्त लागते." आणि त्यांनीं दुसरा घेतला.

आम्हींही खाल्ले. चांगले होते. पण मास्तराची खोड! आम्ही म्हणालों, "उत्तम झाले आहेत, तथापि यांस तळलेले म्हणतां यावयाचें नाहीं."

सूनबाई हळूच म्हणाली, "काका, एक विचारूं? परवां बाळाला तुम्हीच सांगत होतां, तेल हा शब्द तिळावरून आला. तिळाचा स्नेह तें तैल. मग खोबऱ्याच्या स्नेहाला आपण तेल कसं म्हणतों? त्यांत तर तीळ एकही नाहीं."

आमचा हात परातींतच थांबला. अलंकारशास्त्रांत यास रूढ लक्षणा म्हणतात. कुश आणणारा तो कुशल, वीणेंत निपुण तो प्रवीण. परंतु कुशल सुतारास कोणी दर्भ मागत नाहीं, आणि गणितांत प्रवीण असलेल्या मुलास कोणी वीणा वाजवून दाखव म्हणत नाहीं. हीं उदाहरणें आम्हीं मुलांच्या कितीएक तुकड्यांकडून घोकून घेतलीं. आणि स्वतःच्या घरांत एक नवा शब्द आला तेव्हां मात्र "आधीं तीळ दाखव," म्हणून अडून बसलों!

खरें पाहतां आमची चूक शब्दशास्त्राची नव्हतीच. शब्दाचा वाद पुढें करून आम्हीं त्या शब्दामागें उभ्या असलेल्या मनुष्याकडे पाहिलें नाहीं. स्नेह या शब्दाचे दोन अर्थ लहान मुलासही ठाऊक असतात. चार स्नेह पंक्तींत घडाघडा मोजून दाखवितांना आम्हांस त्यांपैकीं एकच आठवला.

"सूनबाई, त्या रात्रींचं बोलणं आम्हीं मागं घेतलं. चुकलं आमचं," असें आम्ही सर्वांदेखत म्हणालों. हशा सर्वांदेखत मिळविला होता, तेव्हां कबुलीही सर्वांदेखतच द्यावयास हवी होती. ती गडबडून म्हणाली, "अहो काका, असूं द्या;" आणि तिनें आमच्या वाटींत आणखी गरे वाढले.

या यंत्रानें पथ्य संपलें, असें मात्र कोणीं समजूं नये. खोबरेलांतील बहुतांश मेद हृदयास जपणाऱ्यांनीं बेतानेंच घ्यावयाचा असतो. त्याचें प्रमाण येथें पुष्कळ घटतें, हा लाभ खरा. पण फळांतील साखर व वरचें मीठ जागच्या जागींच राहतें. शिवाय तळलेल्या गऱ्यांचा डबा आषाढापर्यंत पुरे. हे गरे आठवड्याभरांत मऊ पडतात. तेव्हां थोडे करावे आणि ताजे खावे. एका खेपेस वीज फार तर अर्धें युनिट लागते. कच्च्या केळ्याचे काप याच रीतीनें होतात. सफरचंदाच्या चकत्या तेलाच्या थेंबावांचूनही होतात. आमच्या येथें आतां दर रविवारीं कांहींना कांहीं चालूं असतें. सूनबाई खटके फिरविते आणि वहिनी विळीवर असतात. सारख्या जाडीचा काप कसा काढावा याचे धडे नातवासही मिळूं लागले आहेत.

परवां वहिनींनीं गांवीं फोन केला. आम्ही जवळच बसलों होतों. त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं दोन फणस पाठवा. एक कढईचा आणि एक माझा." आम्हीं आमचें नांव दुसऱ्या फणसाकडे लिहवून घेतलें आहे.